करार दोघांचा, दरवाढ एकाच्याच हातात

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या ओटू या मोबाइल कंपनीने मासिक करारावरच्या ग्राहकांना कळवलं, की येत्या एप्रिलपासून बिल दरमहा १ पौंड ८० पेन्सने नव्हे, तर २ पौंड ५० पेन्सने वाढेल. यातल्या अनेकांनी सही केली तेव्हा कागदावर १ पौंड ८० पेन्स हाच आकडा होता. तंत्रज्ञानमंत्री लिझ केंडल यांनी ऑफकॉमला, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाला, पत्र लिहिलं. ऑफकॉमनेही उघड नाराजी व्यक्त केली आणि मोठा वाद पेटला. पण वाद कशावर? ७० पेन्सवर. एक बाजू म्हणते, कंपन्या हावरट आहेत, लोकांना लुबाडतात. दुसरी म्हणते, ७० पेन्समध्ये चहाचा कपसुद्धा मिळत नाही, एवढा गहजब कशाला? दोन्ही बाजू तावातावाने भांडताहेत, आणि दोन्ही बाजू 'वाढ किती' या एकाच खुंट्याभोवती फिरताहेत. मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही: दोन वर्षांसाठी बांधून घेतलेल्या ग्राहकाचा दर मधेच वाढवण्याचा हक्क कंपनीला मुळात असावा का?

माझं उत्तर सरळ आहे. दंड भरल्याशिवाय ज्या करारातून ग्राहकाला बाहेर पडता येत नाही, त्या कराराच्या मुदतीत कंपनीलाही दर वाढवता येऊ नये. वाढवायचाच असेल तर मुदतीची साखळी काढून टाका आणि महिन्याच्या बोलीवर सेवा विका. घर रंगवायचं काम आपण उक्तं दिलं आणि अर्ध्या भिंती झाल्यावर रंगारी म्हणाला, 'रंग महागला, आता जास्त द्या', तर आपण ऐकून घेऊ का? उक्त्याचा अर्थच हा, की भाव चढला तर झळ त्याला आणि उतरला तर फायदाही त्याचा. रोजंदारीवर लावलं असतं तर रोज वाढवून मागायची मुभा त्याला होती, पण मग 'उद्यापासून येऊ नको' म्हणायची मोकळीक आपल्यालाही होती. ब्रिटिश कंपन्यांनी दोन्हींतलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं: बांधिलकी उक्त्याची आणि भाव रोजंदारीचा.

हे नेहमीच असं होतं, असं मात्र नाही. १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचं खासगीकरण झालं तेव्हा सरकारने तिच्या दरांवर एक सूत्र लादलं होतं. महागाई मोजणारा किरकोळ किंमत निर्देशांक जितका वाढेल त्यातून तीन टक्के वजा करायचे, आणि दर फार तर तेवढेच वाढवायचे. त्यामागचा विचार साधा होता. तंत्रज्ञान सुधारतं, तसा दूरध्वनीचा खर्च कमी होतो; त्या बचतीतला वाटा ग्राहकाला मिळायला हवा. पुढे हे वजाबाकीचे आकडे आणखी वाढले. मग स्पर्धा पुरेशी झाली असं मानून २००६ मध्ये किरकोळ दरांवरचं हे नियंत्रण उठलं. आणि पुढे काय झालं? २०२० नंतर मोठ्या कंपन्यांच्या करारांत नवं सूत्र रूढ झालं: महागाईचा दर अधिक ३.९ टक्के. वजा तीनवरून अधिक ३.९. एप्रिल २०२३ मध्ये या सूत्राने बीटी (म्हणजे तीच ब्रिटिश टेलिकॉम), ईई, व्होडाफोन या कंपन्यांच्या ग्राहकांच्या माथी १४.४ टक्क्यांची वाढ मारली. ओटूने तर किरकोळ किंमत निर्देशांक धरला होता, ज्याचा 'राष्ट्रीय आकडेवारी' हा भरवशाच्या अधिकृत मापाचा दर्जा २०१३ मध्येच काढून घेतला गेला होता. तिथे वाढ झाली १७.३ टक्के. महागाईपुरतं वाढवलं असतं तर निदान समजण्यासारखं होतं. वरचे ३.९ कशाचे, याचा ग्राहकाला पडताळता येईल असा कोणताही हिशेब करारात नव्हता.

ऑफकॉमने यात हात घातला, त्याचं श्रेय द्यायला हवं. १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत महागाईशी जोडलेली वाढ बंद झाली. वाढ करायची असेल तर ती पौंड-पेन्समध्ये, कधीपासून हे सांगून, सही करण्यापूर्वी स्पष्ट दाखवली पाहिजे. आधीच्या अंदाधुंदीपेक्षा हे नक्कीच बरं. पुढच्या वर्षी महागाई किती असेल, हे अर्थतज्ज्ञांना सांगता येत नव्हतं. ते ओळखण्याची जबाबदारी दुकानात सिम घ्यायला आलेल्या माणसावर टाकणं हा शुद्ध अन्याय होता, आणि तो थांबला. पण नियामकाने दरवाढीवर बंदी घातली नाही, फक्त ती कशी लिहायची ते सांगितलं. कंपन्यांनी तो संदेश बरोबर ओळखला. मोबाइलला १ पौंड ८० पेन्स आणि ब्रॉडबँडला ३ पौंड असे ठोक आकडे बाजारात आले, आणि वर्ष सरायच्या आत तेही वर सरकायला लागले. बीटीने नव्या ग्राहकांसाठी ब्रॉडबँडची वार्षिक वाढ ३ वरून ४ पौंडांवर नेली.

या ठोक आकड्यांचा मार कुणाला बसतो, ते पाहण्यासारखं आहे. समजा एकाचं बिल १५ पौंड आहे. जुन्या सूत्राने २०२५ मध्ये त्याची वाढ ६.४ टक्के, म्हणजे ९६ पेन्स झाली असती. नव्या पद्धतीत ती १ पौंड ८० पेन्स, म्हणजे १२ टक्के. २ पौंड ५० पेन्स धरले तर जवळजवळ १७ टक्के. उलट ज्याचं बिल ४० पौंड आहे त्याला जुन्या सूत्राने २ पौंड ५६ पेन्स जास्त द्यावे लागले असते. नव्यात १ पौंड ८० पेन्सवर भागतं. सगळ्यांना सारखीच रक्कम लावायची म्हटली की जो कमी वापरतो, जो स्वस्तातली योजना शोधून घेतो, त्याच्यावरच टक्केवारीत सगळ्यात मोठा बोजा पडतो. स्पष्टतेच्या नावाखाली झालेल्या सुधारणेचा हा परिणाम असेल, तर 'स्पष्टता आली, आता तक्रार कसली?' असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं.

स्पष्टता हा विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. युक्तिवाद असा: वाढ लिहिलेली होती, ग्राहक सज्ञान होता, त्याने वाचून सही केली, आता कुरकुर कशाला? मराठवाड्यातून इथे एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आलेल्या एका मुलाने सप्टेंबरात घेतलेल्या कराराचा सारांश मला दाखवला होता. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, सगळ्यांचे कागद एकाच साच्यातले असतात. वर ठळक १५ पौंड. खाली तीन ओळी: ३१ मार्चपर्यंत १५, १ एप्रिलपासून १७.५०, पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलपासून २०. मुदत २४ महिने. नियम शंभर टक्के पाळलेला. आम्ही बेरीज केली: सात महिने १५ प्रमाणे, बारा महिने साडेसतरा प्रमाणे, पाच महिने वीस प्रमाणे, एकूण ४१५ पौंड. १५ च्या हिशेबाने ते ३६० झाले असते. म्हणजे त्याने खरेदी केली होती ती महिना सव्वासतरा पौंडांहून महाग वस्तू, आणि जाहिरातीत, दुकानाच्या काचेवर, दर-तुलनेच्या यादीत ठळक दिसत होते १५. मुलगा अभियंता आहे. बेरीज त्याला येत नव्हती असं नाही. पण बेरीज करावी लागणं हीच तर मेख आहे. आणि समजा त्याने ती आधीच केली असती, तरी त्याने काय केलं असतं? शेजारच्या दुकानातल्या मोठ्या कंपनीच्या कागदावरही तशाच तीन ओळी असतात. घासाघीस करायला जागा नाही, कलम खोडायची सोय नाही. अशा ठिकाणी सही म्हणजे ग्राहकाने वाचल्याचा पुरावा. अट न्याय्य असल्याचा पुरावा ती होत नाही.

सही झाली म्हणजे सगळं संपलं, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे, वह्या हिसकावून जाळल्या. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. दिवाणी न्यायालयांची भूमिका तोवर हीच होती: रोख्यावर अंगठा आहे ना, मग हुकूमनामा घ्या. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. एक, रोखे गावच्या निबंधकासमोर नोंदवायचे, म्हणजे कुळाला आपण काय लिहून देतोय ते कळेल. आजच्या भाषेत ही स्पष्टता. पण कायदा तिथे थांबला नाही. न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासायचा, मूळ रक्कम किती, व्याज किती, हे पाहायचं, हे दुसरं. मोबाइलचं बिल आणि सावकाराचा पाश यांची तीव्रता एकच आहे, असं मी म्हणत नाही. तिथे जमिनी गेल्या, इथे पौंड-पेन्स जातात. पण तत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि कंपन्यांच्या बाजूने आज जो युक्तिवाद होतो, तोही तोच आहे. कागद वाचून दाखवणं आणि कागदातला व्यवहार तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. ऑफकॉमने फक्त पहिलं केलंय.

आता खर्चाचा मुद्दा. कंपन्या म्हणतात, वीज महागते, पगार वाढतात, फायबर टाकायला अब्जावधी लागतात. यात खोटं काही नाही. बीटीच्या मालकीची, जाळं उभारणारी ओपनरीच ही कंपनी आपल्या फायबरच्या जाळ्यावर सुमारे १५ अब्ज पौंड घालते आहे. व्होडाफोन आणि थ्री या मोबाइल कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी मिळाली ती दहा वर्षांत ११ अब्ज पौंडांच्या गुंतवणुकीच्या हमीवर. ओपनरीच इतर ब्रॉडबँड कंपन्यांकडून जे घाऊक दर घेते, त्यांतलेही काही खुद्द ऑफकॉमच्या परवानगीने महागाईबरोबर वाढतात. म्हणजे छोट्या ब्रॉडबँड कंपनीची अडचण खरी आहे. पण खर्च वाढतो म्हणून भाव मधेच वाढवायचा, हे तत्त्व मानलं तर ठरावीक मुदतीचा कुठलाच करार शिल्लक राहत नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर ०.१ टक्का होता. ऑगस्ट २०२३ पर्यंत तो ५.२५ टक्क्यांवर गेला. ज्या बँकांनी त्याआधी दोन किंवा पाच वर्षांच्या ठरावीक दराने गृहकर्जं दिली होती, त्यांच्यासाठी पैसा किती महागला याची कल्पना करा. एकाही कर्जदाराला 'मुदत संपायची आहे, पण हप्ता वाढवतोय' असं पत्र गेलं नाही. कर्जदाराने मधेच कर्ज फेडलं तर तो दंड भरतो, आणि बँक दर पाळते. बांधिलकी आहे, पण दोन्हीकडून. बँकांनी हे भूतदयेपोटी केलं नाही. जोखीम आपली आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं, म्हणून तिची तजवीज त्यांनी करून ठेवली होती. जोखीम कुणाची हे आधी ठरलं, की ती सांभाळण्याची अक्कल आपोआप येते.

याला विरुद्ध उदाहरणही आहे, आणि ते टाळणं बरोबर होणार नाही. विजेच्या आणि गॅसच्या ठरावीक दराच्या करारांत मधेच भाववाढ करायला २०१३ पासून मनाई आहे. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकले आणि तीसच्या आसपास पुरवठादार कंपन्या बुडाल्या. दिलेला शब्द पाळण्याची ऐपत त्यांच्यात नव्हती, आणि शेवटी तो भुर्दंड सगळ्याच ग्राहकांच्या बिलांत आला. मग दूरसंचारात तसं होणार नाही कशावरून? फरक खर्चाच्या जातीत आहे. गॅसचा पुरवठादार दर युनिट बाजारातून विकत आणून विकत होता. भाव चौपट झाला की तो गेलाच. मोबाइल कंपनीचा मोठा खर्च मनोरे, तारा, परवाने यांत आधीच गुंतलेला असतो. तुम्ही आज एक चित्रफीत जास्त पाहिली म्हणून कंपनीला ती कुठून विकत आणावी लागत नाही. दोन वर्षांचा अंदाज बांधणं या धंद्याला गॅसच्या धंद्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. मनोऱ्यावर भांडवल घालताना कंपनी दहा-पंधरा वर्षांचा विचार करते. मग १८ किंवा २४ महिन्यांचं बिलच तेवढं तिला अनाकलनीय कसं होतं?

शिवाय पुरावा त्यांच्याच घरात आहे. गिफगॅफ ही मोबाइल सेवा ओटूच्याच मालक कंपनीची. स्मार्टी थ्रीची, व्हॉक्सी व्होडाफोनची. तेच मनोरे, त्याच लहरी, तोच विजेचा खर्च. तरी त्यांच्या सिमच्या योजना महिन्यामहिन्याने घेता येतात, दर एप्रिलला ठरलेली वाढ करणारं कलम त्यांत नसतं, आणि नको असेल तेव्हा ग्राहक निघून जातो. एकाच जाळ्यावर दोन तऱ्हेचे ग्राहक आहेत: जो मोकळा आहे त्याचा दर स्पर्धेच्या धाकाने जागेवर राहतो, आणि जो बांधलेला आहे त्याचा दर वाढतो. वाढीचं कारण खर्च असतं, तर ती दोघांनाही दिसली असती.

मग उरतो तो आक्षेप, की मधली वाढ बंद केली तर कंपन्या सुरुवातीचाच दर चढवतील. हो, चढवतील. त्या मुलाला दुकानात १५ ऐवजी सव्वासतरा पौंड दिसले असते. मला तेच हवं आहे. एकूण पैसे कदाचित तेवढेच जातील, पण जाहिरातीत दिसणारा आकडा आणि खिशातून जाणारा आकडा एक होईल. दोन कंपन्यांची तुलना बेरजा न करता करता येईल. ज्या कंपनीचा धंदा खरोखर काटकसरीने चालतो तिला त्याचा फायदा मिळेल; आज तो मिळतो जिची पहिल्या सहा महिन्यांची किंमत सगळ्यात फसवी आहे तिला. फेब्रुवारीत करार करणाऱ्याला दोन महिन्यांत वाढ आणि मेमध्ये करणाऱ्याला अकरा महिन्यांनी, हा विचित्र प्रकारही संपेल.

काही जण म्हणतात, बंदी कशाला, वाढ झाली की ग्राहकाला दंडाशिवाय बाहेर पडू द्या, पुरे. ओटूच्या प्रकरणात तसंच झालं: वाढ करारात लिहिल्यापेक्षा जास्त होती, म्हणून ग्राहकांना ३० दिवसांत मोफत बाहेर पडायची मुभा मिळाली. वाढ मुळातच करारात लिहिलेली असेल, तर मात्र हा हक्क मिळत नाही. २०१५ च्या ब्रिटिश ग्राहक हक्क कायद्यात, दर वाढवायचा पण ग्राहकाला करार सोडू द्यायचा नाही, अशी अट संशयास्पद अटींच्या यादीत आहे. पण वाढ निर्देशांकाशी जोडलेली असेल आणि तिची पद्धत स्पष्ट लिहिली असेल तर सूट, असा अपवादही तिथेच बसवलाय. बाहेर पडण्याचा हक्क या लिहिलेल्या वाढींनाही लागू झाला तर मी त्याचं स्वागतच करीन. पण तेवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही. हँडसेट हप्त्यावर घेतलेला असेल तर त्याचे उरलेले पैसे एकरकमी द्यावे लागतात. ते देणं रास्तच आहे, वस्तू हातात आहे. पण चारशे-पाचशे पौंड एकदम काढणं किती जणांना जमतं? ब्रॉडबँड बदलायचा तर नवी जोडणी, नवा राउटर, घरी थांबण्यासाठी एक दिवस. आणि तीस दिवसांची ती ईमेल न उघडणाऱ्यांत वयस्कर माणसंही असणार आणि दोन पाळ्यांत काम करणारी माणसंही. ज्यांना संरक्षण हवं त्यांनीच धावपळ करावी, अशी ही व्यवस्था होते.

भारतातून इथे येणाऱ्यांना हे सगळं चमत्कारिक वाटतं, याचं कारण तिकडचा बहुसंख्य ग्राहक प्रीपेड आहे. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल, व्हीआय तिन्ही कंपन्यांनी एकदम दर वाढवले. जिओचा २३९ रुपयांचा पॅक २९९ चा झाला. लोक चिडले, कित्येकांनी नंबर बीएसएनएलकडे नेला. पण ज्याने आधीच पैसे भरले होते त्याचा पॅक मुदत संपेपर्यंत जुन्याच भावात चालला. वाढ होणार कळताच लोकांनी आगाऊ रिचार्ज मारून ठेवले ते याच भरवशावर. तिकडच्या दरवाढीवर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे. तिघांनी एकाच आठवड्यात भाव वाढवावेत, ही स्पर्धा कसली? पण घेतलेल्या मुदतीचा भाव बदलायचा नाही, एवढा साधा नियम तिथला पानवालाही रिचार्ज मारताना गृहीत धरतो.

ऑफकॉमला यासाठी फार मोठी यंत्रणा उभारायची गरज नाही. नियमात एवढंच लिहायचं: एका महिन्यापेक्षा जास्त मुदतीच्या आणि मधेच सोडल्यास दंड असलेल्या करारात सेवेचा मासिक दर मुदत संपेपर्यंत एकच राहील. कर बदलला तर तेवढा अपवाद. कंपन्यांना तयारीला सहा महिने द्यावेत. महागाईचं सूत्र बंद करताना जुलै २०२४ च्या निर्णयानंतर तेवढाच वेळ दिला होता, आणि तो पुरला. चालू करारांचं काय, हा प्रश्न येईलच. त्यांच्यासाठी पुढच्या एप्रिलच्या वाढीआधी प्रत्येक ग्राहकाला दोन पर्याय द्यावेत, आजच्या दराने मुदत पुरी करायची किंवा दंडाशिवाय निघायचं, आणि उत्तर आलं नाही तर पहिला पर्याय आपोआप लागू व्हावा.